चाळकेबाईंचे हात

सातवीच्या वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकाच वेळी डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या. त्यातले निम्मे मुलगे होते, आणि बांगडी तर एकाच्याही हातात नव्हती.

तपासणीला आलेले विस्तार अधिकारी चहाचा कप खाली ठेवून बघतच राहिले. "हे काय करतायत हो?"

"माझी सवय आहे ती, साहेब," सुजाता चाळके ओशाळून म्हणाली. "काम सुरू करायच्या आधी मी बांगड्या मागं सारते. शिकवायला डोक्याला बांधतात त्या पट्टीनं कामाबरोबर सवयही उचलली."

साहेब खो खो हसले. मुलंही हसली, पण हात कुणाचे थांबले नाहीत. अर्धा वर्ग साप चावल्याचं सोंग घेऊन जमिनीवर पडला होता आणि उरलेला अर्धा वर्ग त्यांच्या पायांशी बसला होता. पाय सुजला की पैंजण आणि जोडवी मांसात रुततात, म्हणून आधी ती काढल्यासारखं सगळ्यांनी केलं. मग पायाच्या दोन्ही अंगांना लाकडी पट्ट्या लावून त्यावर सैलसर फडकं गुंडाळलं, म्हणजे पाय हलणार नाही. कुणी दोरी आवळली नाही, कुणी जखमेला हात लावला नाही. वीस-पंचवीस पोरांचे हात, पण वर्गात जणू एकच बाई काम करत होती.

साहेबांनी पुढं बसलेल्या मुलीला विचारलं, "दोरी का नाही आवळायची गं?"

"रगात थांबलं की पाय कुजतो, साहेब," शिवन्या झोरे उभी राहून म्हणाली. "आन् घोणस चावली आसंल तर रगात गोठत न्हाई. म्हणून चिराबी द्यायच्या न्हाईत. दवाखान्यात न्यायचं, दुसरं काय बी करायचं न्हाई."

"शाब्बास!" साहेब म्हणाले. सुजाताला भरून आलं. धनगरवाड्यातली ही पोर रोज डोंगर उतरून शाळेत यायची आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायची नाही. पट्टी नसती तरी ती हे शिकली असती, असं सुजाताच्या मनात येऊन गेलं.

सरकारची हातखंडा योजना येण्याआधी जीवनकौशल्यं हा विषय शुक्रवारच्या शेवटच्या तासाला असायचा, आणि तो तास बहुतेक वेळा गणिताचे सर पळवायचे. मुलं गॅसच्या शेगडीची आकृती काढून भागांना नावं द्यायची, पैकीच्या पैकी गुण मिळवायची, आणि घरी नळीनं पेट घेतला की ओरडत अंगणात पळायची. बुडणाऱ्याला कसं वाचवावं याचे मुद्दे त्यांना तोंडपाठ असत. पोहता कुणालाच येत नसे.

अडचण साधी होती. हात जे शिकतात ते पुस्तकात मावत नाही. सायकल चालवणाऱ्याला विचारा, तोल कसा सावरतोस? त्याला सांगता येणार नाही, कारण ते ज्ञान शब्दांच्या कप्प्यात नसतंच. ते डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत आणि त्याला जोडलेल्या खोलवरच्या भागांत असतं. कोणता स्नायू कधी, किती आणि कुणाच्या मागोमाग हलायचा, याचा तो एक ताल असतो. पुण्यातल्या एका संशोधन केंद्रानं हा ताल उतरवून घ्यायची युक्ती शोधून काढली. ज्याचा हात बसलेला आहे अशा माणसानं डोक्याला पट्टी बांधायची आणि तेच काम शेकडो वेळा करायचं. पट्टी तो ताल टिपून घेते. मग शिकणाऱ्या मुलाच्या डोक्याला तशीच पट्टी बांधायची, आणि ते हात हलवत असताना तोच ताल बारीक विद्युतस्पंदांनी त्याच्या मेंदूत पेरायचा. ज्या कामाला माणसाची उमर जाते, त्याला मुलाचा हात आठवड्याभरात बसू लागला. ज्याचा ताल उतरवला त्याला म्हणायचे हस्तदाता. पोहण्याची हस्तदाता मालवणची एक कोळीण होती, आणि विजेच्या कामाचा चंद्रपूरकडचा एक वायरमन. मुलं खरोखर बुडेनाशी झाली, भाजेनाशी झाली. योजनेला नावं ठेवायला जागाच नव्हती.

सर्पदंशासाठी सुजाताला निवडलं ते तिच्या गोष्टीमुळं. निवडीच्या दिवशी तिनं पुण्यात स्टेजवर उभं राहून काहीएक न लपवता सांगितलं होतं. तिचे वडील, आबा, गावात विष उतरवायचे. माणूस आणला की सुतळीनं पाय करकचून आवळायचे, ब्लेडनं चिरा द्यायचे आणि रक्त वाहू द्यायचे. पुढं आबांच्या हाताला कंप सुटला आणि ते काम सुजाताकडं आलं. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. माणूस किंचाळत असायचा, बायका रडत असायच्या, आणि आबा ओरडायचे, "आवळ सुजे, आवळ!" काही माणसं जगायची, कारण त्यांना चावलेला साप मुळात बिनविषारी असायचा. काहींचे पाय जायचे, काही जायचीच. पुढं डी.एड.ला असताना एका शिबिरात तिला खरं काय ते समजलं, आणि त्यानंतर तिनं कुणाचाही पाय आवळला नाही. उलट गावोगाव हिंडून लोकांना ते करण्यापासून परावृत्त केलं.

टाळ्या थांबेनात. आबाच्या मुलीनं आबाचंच पाप धुतलं, असं एका पेपरनं छापलं. सुजाताचा फोटो योजनेच्या पोस्टरवर गेला आणि तिचा ताल राज्यातल्या अकरा लाख मुलांच्या हातांत.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा डोंगरउतारावर गवतकापणी ऐन भरात होती. दुपारी मुख्याध्यापक वर्गाच्या दारात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, झोऱ्यांच्या कोमलला पान लागलं. शिवूची आई हो. तालुक्याला नेलीय." साप चावला असं गावात कुणी तोंडानं म्हणत नाही, पान लागलं म्हणतात.

"बरोबर कोण होतं?"

"शिवूच. मायलेकी गवत कापत होत्या."

सुजाताचा जीव भांड्यात पडला. शिवू बरोबर होती म्हणजे काळजी नव्हती. मुख्याध्यापकांच्या स्कूटरवर मागं बसून ती तालुक्याला निघाली तेव्हा ती घाबरलेली नव्हती, खरं सांगायचं तर तिला थोडा अभिमानच वाटत होता.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात शिवन्याचा बाप विशाल झोरे भिंतीला टेकून उभा होता. त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर, बाकावर, शिवन्या बसली होती. तिचे हात मनगटापर्यंत लाल होते आणि ते धुवायचं कुणाला सुचलं नव्हतं. डॉक्टर तरुण होता. बाहेर येऊन तो जवळजवळ ओरडलाच.

"घोणस होती! औषध तयार ठेवलं होतं आम्ही. आणलंही वेळेत. पण बांधलं कुणी? चिरा कुणी दिल्या? गाठ सोडल्यावर साचलेलं सगळं विष एकदम वर चढलं, आणि जखमेतून रक्त थांबता थांबेना. नुसती उचलून आणली असती तर बाई जगली असती." मग त्याचं लक्ष बाकाकडं गेलं आणि तो गप्प झाला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. विशालनं ऐकलं होतं, आणि शिवन्यानंही.

सुजाता आत गेली. कोमलच्या अंगावर चादर होती. पायाशी लोखंडी ट्रेमध्ये सोडलेली ओढणी पडली होती, आणि तिची गाठ कापूनही अर्धी तशीच राहिली होती. दोन वेढे, त्यात करवंदीची काठी घालून दिलेला पीळ, आणि काठी सुटू नये म्हणून तिचं टोक दुसऱ्या वेढ्याखाली खोचलेलं. जगात ही गाठ दोनच माणसांना येत होती. त्यातले आबा वारून बारा वर्षं झाली होती.

ती बाहेर येऊन शिवन्याच्या शेजारी बसली. शिवन्या म्हणाली, "मला म्हाईत हुतं, बाई. बांधायचं न्हाई, म्हाईत हुतं. मी तोंडानं म्हणत बी हुते, बांधायचं न्हाई, बांधायचं न्हाई. हात थांबलंच न्हाईत."

सुजाताला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. तिला ते जमलं नाही.

पुण्याच्या केंद्रात डॉ. मृणाल आगटे सुजाताला ओळखत होती. ताल उतरवून घेताना तीच शेजारी बसायची, सुजाताला चहा करून द्यायची. वयानं लहान आणि मनानं सरळ बाई. सुजातानं ती गाठ कागदी नळी आणि रुमाल घेऊन तिच्या टेबलावर बांधून दाखवली. मृणालनं जुनी नोंद पडद्यावर उघडली आणि त्या रंगीत रेघांत दुपारभर डोकं घालून बसली.

"आहे," शेवटी ती म्हणाली. "खाली आहे. अगदी फिकट आहे, आम्ही त्याला गोंगाट समजून सोडून दिलं होतं."

"पण मी तर ते विसरले होते. तीस वर्षं मी कुणाला आवळलेलं नाही."

"बाई, हात विसरत नाहीत. आपण एखादी चुकीची सवय मोडतो म्हणजे ती पुसत नाही. नवी सवय तिच्यावर जाऊन बसते आणि तिला दाबून धरते. दाबून धरायचं काम पुढच्या मेंदूचं, आणि ते त्याला डोकं शांत असेल तेव्हाच जमतं. माणूस जिवाच्या आकांतानं घाबरला की वरची पकड सुटते आणि खालचं उसळून येतं. तुम्ही ते शिकलात कधी? लहानपणी. आणि कशात? किंकाळ्यांमध्ये. म्हणजे ते भीतीत शिकलेलं आहे, आणि भीतीनंच उघडतं. आम्हाला वाटलं आम्ही तुमचा वरचा ताल घेतोय. आम्ही दोन्ही घेतले."

"मग चाचण्यांत कसं दिसलं नाही?"

"चाचण्या वर्गात झाल्या. शांत वर्गात, सोंगाच्या रुग्णावर. मुलांना खरोखर घाबरवायची परवानगी आम्हाला कुणी दिली नसती. आणि दिली नाही हेही बरोबरच होतं."

सुजाता म्हणाली, "आता पुसा. मुलांच्या हातातून काढून टाका."

"तुमच्यातून तरी निघालं का?"

मृणाल पुढं म्हणाली की आणखीही प्रकार कानावर आले होते, दोन विदर्भातून आणि एक कोकणातून. प्रत्येक ठिकाणी मूल घाबरून चुकलं, एवढंच लोक म्हणाले होते. केंद्र हा पाठ सुधारणेसाठी म्हणून गुपचूप मागं घेईल, असं तिला वाटत होतं. पण जे अकरा लाख हातांत गेलं ते गेलं.

"मग जाहीर करा ना! निदान त्या पोरांना कळू दे की त्यांचा दोष नव्हता."

"मी आतल्या बैठकीत सांगेन. बाहेर मला सांगू देणार नाहीत, आणि बाई, मलाही खात्री नाही सांगावं की नाही. उद्या आईबापांनी सगळ्याच पट्ट्या फेकल्या तर? यंदा एकही मूल बुडालं नाही अशी गावं आहेत. त्यांचं काय करू?" ती रडत होती. "आणि पुरावा तरी काय दाखवू? तुम्हाला, मुलांना, कुणालाही उभं करून करायला सांगितलं तर तुम्ही बरोबरच करणार. दर वेळी बरोबरच."

सुजाताला तिचा रागही धड येईना. परतीच्या एसटीत ती आपले हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती, दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे.

शिवन्या शाळेत यायची थांबली होती. गावात कुणी तिला तोंडावर वाईट बोललं नाही, पण माघारी सगळे तेच बोलत होते, की पोरीनं आईला आपल्या हातानं मारली. शाळेतली हुशारी काय कामाची, असंही म्हणत. कोमलच्या माहेरची माणसं तेराव्याला आली आणि नातीला जवळ न घेता परत गेली. विशाल मुलीला जेवायला वाढायचा आणि तिच्याकडं न बघता उठून जायचा. ती आता आईच्या वाटणीचं काम करत होती. म्हशीसाठी रोज गवत आणायला ती त्याच उतारावर जायची.

सुजातानं विशालला गोठ्याच्या दारात गाठलं आणि सगळं सांगितलं. आबा, पट्टी, खालचा ताल, पुणे, काही लपवून ठेवलं नाही. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"बाई, तुमी लई चांगल्या हाव," तो म्हणाला. "पोरीचं मन राखाया आलाय तुमी, कळतंय मला. पर माज्या डोळ्यांनी बघितलंय मी. तिच्या हातात इळा हुता."

"तिचे हात माझे आहेत, विशाल. तेच तर सांगतेय."

"आसं कुटं आसतंय का?" आणि तो म्हशीकडं वळला. सुजातानं मुख्याध्यापकांना सांगितलं, शाळांच्या केंद्रप्रमुखांना सांगितलं, शिक्षकांच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. सगळ्यांनी तिला रजा घ्यायचा सल्ला दिला. तिचं मन फार हळवं आहे, असं ते एकमेकांत म्हणाले. आयुष्यभर तिनं लोकांना खरं पटवून दिलं होतं, आणि या एका गोष्टीवर तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

जगाचं राहू दे, पण त्या एका पोरीला तरी कळलं पाहिजे, एवढंच तिच्या मनानं घेतलं. मग ती स्वतःच डोंगर चढू लागली. शिवन्या विळ्यानं गवत कापायची आणि सुजाता शेजारी बसून पेंढ्या बांधायची. बोलणं फारसं होत नसे. एके दिवशी सुजातानं तिला सगळं सांगितलं, बापाला सांगितलं होतं तसंच.

शिवन्यानं कापायचं थांबवलं. "म्हंजी तुमच्या हातात बी ती गाठ हाय?"

"आहे."

"मग करून दावा." तिनं गवतावर बसून पाय पुढं केला. "मला पान लागलंय असं समजा."

सुजाता तिच्या पायाशी बसली. तिनं मनापासून प्रयत्न केला. तिला ती गाठ बांधायची होती, काहीही करून या पोरीला दाखवायची होती. तिनं ओढणी हातात घेतली आणि मुद्दाम दोन वेढे दिलेही. पण मुद्दाम केलेलं ते लगेच दिसत होतं. अडखळत, आठवून आठवून चाललं होतं ते. आपण नाटक करतोय हे तिला स्वतःलाच कळत होतं.

शिवन्यानं पाय मागं घेतला. "बघा. तुमी इचार करून करताय. माजं तसं न्हवतं." ती पुन्हा कापायला लागली. "तुमचं हात बरुबर हायत, बाई. माजंच चुकलं. तुमी उगं सोताच्या अंगावर घेताय."

"घाबरल्याशिवाय ते येत नाही, शिवू. खरी भीती लागते."

विळ्याचा खसखस आवाज येत राहिला. सुजाताला एकाएकी खूप थकल्यासारखं झालं. हे सगळं शिकवून, समजावून, पटवून द्यायची तिला आयुष्यभराची सवय होती, आणि इथं एका पोरीचं निर्दोषपण तिला पटवून देता येत नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर शिवन्यानं तो विषय काढला नाही, पण सुजाताला तिनं येऊ नका असंही म्हटलं नाही. उलट एका सकाळी तीच म्हणाली, "बाई, आज वरच्या अंगाला जाऊ. तिकडं गवात उंच हाय."

वरच्या अंगाला गवत सुजाताच्या कमरेएवढं होतं. करवंदीच्या जाळ्या मधेमधे माजल्या होत्या. दोघी थोड्या अंतरानं काम करत होत्या. खाली विशाल म्हशीला पाणी दाखवत होता, त्याचा हाकारा वर ऐकू येत होता. सुजाता पेंढी बांधायला वाकली आणि तेवढ्यात जाळीमागून किंकाळी आली.

"बाई! चावलं! बाई, चावलं मला!"

पुढचं सुजाताला नंतरही नीट सांगता आलं नाही. गवत तुडवत ती पोचली तेव्हा शिवन्या पाय धरून गडाबडा लोळत होती, आणि तिच्या घोट्यावर दोन लाल ठिपके होते, जवळजवळ, रक्त आलेले. सुजाताच्या डोक्यात सगळं होतं. हलवायचं नाही, बांधायचं नाही, विशालला हाक मारायची, खांद्यावर टाकून खाली न्यायचं. ती ते मोठ्यानं म्हणतही होती. आणि तिच्या हातांनी शिवन्याच्या गळ्यातली ओढणी ओढून काढली होती. पोटरीला दोन वेढे बसले. जाळीतली काठी कडकन मोडून आत गेली, पीळ बसला, आणखी एक पीळ बसला, टोक दुसऱ्या वेढ्याखाली गेलं. पोर किंचाळत होती आणि सुजाताच्या कानात एक थकलेला, कापरा आवाज ओरडत होता, आवळ सुजे, आवळ. "बांधायचं नाही," सुजाता म्हणत होती, "बांधायचं नाही, बांधायचं नाही." तिच्या उजव्या हातानं गवतातला विळा उचलला. टोक ठिपक्यांवर टेकलं आणि कातडी फाटून रक्ताची बारीक रेघ बाहेर आली.

"बाई."

किंकाळी थांबली होती. शिवन्या उठून बसली होती. दोन्ही हातांनी तिनं विळ्याची मूठ घट्ट धरली होती आणि तिचा चेहरा अगदी शांत होता.

"काटा हाय, बाई," ती म्हणाली. "करवंदीचा. जोडकाटा. मीच टोचून घेतलाय."

सुजाताला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. तिचा हात अजून विळा खाली दाबत होता. शिवन्यानं तो जोर लावून बाजूला केला. मग ती ओढणीची गाठ बघत राहिली, काठी, पीळ, खोचलेलं टोक, आणि मग सुजाताचे हात, आणि मग सुजाताचं तोंड.

"तुमी बी म्हणत हुता," ती म्हणाली. "बांधायचं न्हाई, बांधायचं न्हाई. माज्यावानीच."

"हो."

"म्हंजी मी न्हवते ती."

"नाही, शिवू. तू नव्हतीस. तू काहीच केलं नाहीस."

पोरीचा श्वास वरखाली होत होता. काहीतरी तिच्या आत हळूहळू जागेवर बसत होतं, आणि ते कुठं जाऊन थांबणार हे सुजाताला तिच्या डोळ्यांत आधीच दिसलं. तिनं नजर काढून घेतली नाही. हेच ऐकवायला तर ती महिनाभर डोंगर चढत होती.

"मंग माज्या आईला तुमी मारली," शिवन्या म्हणाली.

"हो," सुजाता म्हणाली.

खालून विशाल धावत आला होता. किंकाळी ऐकून तो पोरगी गेली असंच धरून वर चढला होता, आणि आता जाळीशी उभा राहून धापा टाकत बघत होता. लेकीच्या पायाला ती गाठ, घोट्यातून येणारं रक्त, आणि शाळेच्या बाईंच्या हातातला विळा.

शिवन्या त्याच्याकडं वळली आणि तिचा आवाज फुटला. आई गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. "पप्पा, मी न्हाई मारली! बाईनी मारली! बगा, बगा ह्यांचं हात, मी न्हाई मारली वो आईला!"

विशाल गुडघ्यांवर बसला. त्यानं काठी उपसून गाठ कशीबशी सोडवली आणि लेकीला उचलून छातीशी धरली. ती एवढी मोठी पोर, तिचे पाय लोंबत होते, आणि ती त्याच्या गळ्यात तोंड खुपसून आईला हाका मारत होती. तो तिला घेऊन उतार उतरू लागला. सुजाताकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"जखम साबणानं धुवा," सुजाता म्हणाली. तोवर ते दोघं लांब गेले होते.

ती गवतात बसून राहिली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. खाली वाडीतली माणसं गोळा होत होती आणि त्यांच्यातून वर बोट दाखवलं जात होतं. तिनं विळा खाली ठेवायचा प्रयत्न केला, पण बोटं अजून उघडत नव्हती.